लॉकमध्ये अडकलेल्या एकसष्ट कविता

१५ जून २००३, रविवार. लातूर

टक, टक-टक, टक. पाटीच्या लाकडी चौकटीवर पेरांनी धरलेला ठेका. शनिवारी शेवटच्या तासाला चाळीस पोरं तो एकदम वाजवायची आणि छपरावरची कबुतरं उडायची. मी म्हणायचो, कवितेला आधी पाय द्या, मग ती आपली आपण चालेल. आज पहाटे अंथरुणात तो आवाज आला. स्वप्न नव्हे, खरोखर आला. उठून बाहेर बघतो तर वरच्या खोलीत भाड्यानं राहणारं क्लासचं पोरगं अणुभार पाठ करत जिन्याच्या कठड्यावर पट्टी आपटत होतं.

तेव्हापासून जो चिडलो तो अजून चिडलेलाच आहे. पोरावर नाही. कॉम्प्युटरवर.

येत्या तीस सप्टेंबरला भूकंपाला दहा वर्षं होतील. तेरणेकाठच्या माझ्या शाळेतली तेवीस मुलं त्या पहाटे गेली. मी विसर्जनासाठी इकडे घरी आलो होतो, म्हणून उरलो. दर शनिवारी मुलं स्वतः कविता रचायची आणि मी त्या वह्यांत उतरवून घ्यायला लावायचो. ढिगाऱ्यातून शाळेचं लोखंडी कपाट निघालं, त्यात त्या वह्या निघाल्या. गेलेल्या मुलांच्या एकूण एकसष्ट कविता. निवृत्त झाल्यावर फंडातून हे यंत्र घेतलं, मराठी लिहायची प्रणाली घेतली, आणि दोन वर्षं एका बोटानं एकेक अक्षर बसवलं. दहाव्या वर्षदिनी पुस्तक काढायचं हे तेव्हाच ठरवलं होतं. प्रस्तावना चौदा वेळा लिहून झाली आहे.

आज फाईल उघडायला गेलो तर पडद्यावर सूचना आली की लॉक सापडत नाही. लॉक म्हणजे यंत्राच्या पाठीत खुपसलेली काडेपेटीएवढी डबी. ती असेल तरच मराठी उमटणार, अशी कंपनीनं केलेली सोय. गिऱ्हाईक चोर असतो हे धरूनच चालायचं. डबी जागेवर आहे. काढली, पुसली, परत खुपसली. सापडत नाही म्हणे. दुसऱ्या वाटेनं फाईल उघडली तर कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. ई, के, अर्धविराम, मग टी, के, आर, एच. माझ्या मुलांच्या तोंडात कोणी माती कोंबावी तसं वाटलं.

१८ जून, बुधवार

कंपनीला फोन लावला. पहिला नंबर बंद. दुसऱ्यावर एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, ती प्रणाली आम्ही चार वर्षांपूर्वीच बंद केली. मी म्हटलं, मग माझं लिहिलेलं? त्या म्हणाल्या, नवीन घ्या ना सर, खूप सुधारणा आहेत. मी म्हटलं, नवीनात जुनं उघडेल का? त्या म्हणाल्या, तशी सोय नाहीये.

कंपनीचं नाव लिहून ही वही विटाळत नाही.

२२ जून, रविवार

वीरण्णाशी भांडण. माझा मुलगा, एकुलता एक. गेल्या वर्षी वरच्या दोन्ही खोल्यांत त्यानं खाटा टाकल्या, उदगीर-अहमदपूरकडची आठ पोरं ठेवली. सगळी गल्ली हेच करते. भिंतीवर रसायनशास्त्र, दोरीवर टॉवेल. माझी त्या कवितांच्या वह्यांची पेटी तेव्हाच वरून खाली आली आणि रद्दीवाल्याच्या गाड्यावर गेली. आज मी त्याला नको नको ते बोललो. बापाचं काळीज वजनावर विकलंस, इथपर्यंत बोललो.

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "अप्पा, तुम्हीच म्हणलाव. आता सगळं मशिनीत आलंय, ही कसर लागलेली रद्दी उचल म्हणून. मी दोनदा इचारलं."

म्हटलं असेन. पण तिसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं?

जेवलो नाही. सून ताट झाकून ठेवून गेली.

२९ जून, रविवार

निजामोद्दीनकडे गेलो. पंचवीस वर्षं त्यानं गंजगोलाईजवळ टायपिंगची संस्था चालवली. अर्ध्या जिल्ह्याचे कारकून त्याच्या हाताखालून गेले. क्लासचं पीक आलं, टायपिंग मेलं. आता तो एका मोठ्या कोचिंग क्लासची कॉम्प्युटरची खोली सांभाळतो. चाळीस यंत्रं. पोरं तिथं सराव परीक्षा देतात.

"या गुरुजी. लई दिवसांनी वाट चुकलाव."

मी लॉक त्याच्यापुढे आपटलं आणि कंपनीचा उद्धार केला. म्हटलं, या यंत्राला मी देवासारखं जपलं. रोज फडक्यानं पुसलं. दर दसऱ्याला पूजा केली, ओल्या भस्माची तीन बोटं पडद्याला, कळफलकाला आणि लॉकला. लॉकला जरा जास्तच, सगळं त्याच्यावर म्हणून. आणि मागच्या दसऱ्यापासूनच हे कुरकुरायला लागलं. देवधर्माची सुद्धा किंमत ठेवत नाहीत असली यंत्रं.

निजामोद्दीननं बारीक पेचकसानं डबी उघडली. आत पितळी टाचण्यांवर पांढरी पपडी धरली होती. त्यानं ती नखानं खरवडली, बोटावर घेतली, हुंगली. मग माझ्या कपाळाकडे बघितलं आणि डबी मिटवली.

मी म्हटलं, "बघितलंस? आतून कुजका माल."

"हाव गुरुजी," तो म्हणाला, "कुजकाच हाय."

मग त्यानं त्याचं लिनक्स दाखवलं, यंत्र चालवणारी फुकटची प्रणाली. क्लासच्या सरांनी चाळीस यंत्रांना विकतच्या प्रणालीची एकच चोरीची सीडी लावली होती. औरंगाबादेत धाडी पडताहेत असं ऐकल्यावर त्यांना घाम फुटला. तेव्हा यानं विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या कुणाकडून लिनक्सची सीडी आणली आणि चाळीसही यंत्रं आठ दिवसांत फिरवली. फुकट, आणि राजरोस.

"याला लॉक न्हाई गुरुजी. आतली सगळी वीण दिसती. उसवलं तर कुणीबी उघडून बघावं, टाका घालावा, अन् सुधारलेलं पुढच्याला द्यावं. आता बँका घेऊन राहिल्या, हैदराबादच्या कंपन्या घेऊन राहिल्या. येडे हायेत का सगळे?"

मी म्हटलं, ज्याला मालक नाही त्याला राखण नाही. आमच्या गावाचं गायरान मी पाहिलंय, शेवटी तिथं बाभळी आणि शेणच उरलं.

"ढोरं कुणाची जगली त्याच्यावर, तेबी पाहिलं असंल की," तो म्हणाला आणि चहा सांगायला गेला. याला पूर्वी असं उलटून बोलायची सवय नव्हती.

६ जुलै, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवलं पाहिजे.

फ्लॉप्या घेऊन गेलो. निजामोद्दीननं पहिली फाईल लावली. तोच कचरा. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. त्याची बोटं मांडीवर हलायला लागली. मला वाटलं, म्हाताऱ्यासमोर कंटाळलाय. तो उठला, कपाटाआडून त्याचा जुना मराठी टाइपरायटर काढला, वरचं कापड फेकलं, कागद चढवला.

"गुरुजी, मी म्हणतो ते खरं असंल तर कंपनीवाल्यांनी अक्षरं टाइपरायटरच्याच जागेवर बसवलीत. आळशी लोक. तुम्ही पडद्यावरचं इंग्रजी नुसतं वाचत जा."

मी वाचलं. ई. के. अर्धविराम.

त्यानं न बघता तीन कळा दाबल्या. म. काना. य.

माय.

मी वाचत गेलो, तो ठोकत गेला. दहा मिनिटांत कागदावर हे उतरलं.

माय जाती खुरपायला,
सावली देती राखायला.
दुपारी सावली होती बारकी,
पायाखाली दडवते मी सारखी.

खाली नाव. धुरपता व्यंकटी सोनकांबळे, इयत्ता चौथी, आणि गावाचं नाव.

चष्मा पुसावा लागला. त्या खोलीत धूळ फार आहे. धुरपता मला लख्ख दिसली. मागे, दाराजवळ बसायची. त्या वस्तीतली मुलं तिथंच बसत, कोणी बसवत नव्हतं. मी कधीही भेद केला नाही. घरच्यांसकट गेली बिचारी. त्यांच्यातली जी काही घरं वाचली असतील ती पुनर्वसनात कुठं गेली, ठाऊक नाही. चौकशी करायची राहून गेली.

घरी येताना मात्र राग आला. कशाचा, ते नेमकं सांगता येत नाही. दोन वर्षं मी खपलो आणि ती कविता पहिल्यांदा परत आली ती दुसऱ्याच्या बोटांतून.

१९ जुलै, शनिवार

अडलं. साधी अक्षरं सुटतात, पण जोडाक्षरं आणि काही मात्रा टाइपरायटरवर नाहीत. त्या कंपनीनं मनाला येईल तिथं बसवल्या आहेत. धुरपताची दुसरी कविता निम्मी, न सुटलेल्या अक्षरांच्या जागी आलेल्या चौकोनांनी भरली आहे. बाकीच्यांची गत त्याहून वाईट.

निजामोद्दीन म्हणाला की लिनक्सवर मराठी आणायला झटणाऱ्या लोकांची इंटरनेटवर एक चावडी आहे. मुंबई, पुणे, हैदराबाद, कुठले कुठले लोक. तिथं नमुना टाकला की कुणाला ना कुणाला ही अक्षरं ओळखू येतील. कुठल्या इंग्रजी अक्षरामागं कुठलं मराठी, हा तक्ता एकदा पुरा झाला की एकसष्ट कविता पाच मिनिटांत मोकळ्या होतील.

"नमुना म्हणजे?"

"म्हणजे कविता. फाईल टाकायची, अन् आपण वाचलेलं बाजूला."

मी साफ नाही म्हटलं. माझ्या गेलेल्या मुलांच्या कविता अनोळखी लोकांपुढे पसरायच्या? ज्यांना नाव ना गाव? उद्या कोणी आपल्या नावावर छापल्या तर? पुस्तक आधी येईल, माझ्या प्रस्तावनेसह येईल, मग जगानं वाचावं. तोवर त्या माझ्यापाशी.

"मग कंपनीत अन् आपल्यात फरक काय राहिला?" असं तो पुटपुटला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

२ ऑगस्ट, शनिवार

विश्वासघात. दुसरा शब्द नाही.

सहज म्हणून गेलो तर त्याच्या पडद्यावर धुरपता. माझी धुरपता. तिच्या दोन्ही कविता, एक पुरी आणि एक चौकोनांची, खाली नाव, इयत्ता, गाव. सगळ्या जगाला दिसेल अशी टांगलेली. दहा दिवसांपूर्वीच टाकल्या म्हणे.

मी ओरडलो. क्लासची पोरं माना वळवून बघायला लागली. "कुणाच्या परवानगीनं?"

निजामोद्दीन खुर्चीतून उठलाही नाही. "कायकू गरम होऊन राहिले गुरुजी. परवानगी कुणाची घ्यायची व्हती? लिवणारीची का टायपणाऱ्याची?"

"उद्धटपणा करू नकोस."

"उद्धटपणा न्हाई. तुम्ही तीस सप्टेंबर म्हणताव. दोन महिने उरले. चौकोन छापणार का पुस्तकात? एकानं कालच नऊ अक्षरं सोडवून पाठवलीत. फुकट. तुमचं-माझं तोंड न बघता. ह्यो घ्या कागद."

मी कागद घेतला नाही. फ्लॉप्यांचा डबा उचलला आणि निघालो. जिन्यावर पाय घसरला, कोपर खरचटलं. कोणी मागे आलं नाही. नंतर कळलं की तो आला होता, खालच्या पानाच्या टपरीपर्यंत. मी मागे बघितलं नाही.

शाळेत मी मुलांना सांगायचो की कविता वाऱ्यासारखी असते, ती सगळ्यांची. ते शिकवायला ठीक असतं.

९ ऑगस्ट, शनिवार

गेलो नाही. फ्लॉप्यांचा डबा कपाटात, कपाटाची किल्ली जानव्याला अडकवावी तशी करगोट्याला. सून हसली. मी तिच्यावरही ओरडलो.

१७ ऑगस्ट, रविवार

निजामोद्दीन घरी आला. मी आतल्या खोलीत झोपेचं सोंग घेतलं. पडवीत तो आणि वीरण्णा बोलत होते ते ऐकू येत होतं.

"तक्ता पुरा झाला बघ. हैदराबादच्या एका माणसानं एकट्यानं चाळीस अक्षरं लावली. आता नुसत्या फ्लॉप्या पायजेत."

"डबा अप्पा हात लावू देत न्हाईत, चाचा."

"देतील. लई मोठं मन हाय तुझ्या बापाचं, फक्त ते आज जाग्यावर न्हाई." मग म्हणाला, "त्या हैदराबादवाल्यानं पत्रबी लिवलंय. ह्या मुलीचं पुरं नाव हेच हाय का, अन् कागद कुणापाशी हायेत, इचारतो. तीनदा इचारलं."

मला राहवलं नाही. उठून बाहेर आलो. म्हटलं, बघा, सांगितलं होतं. चौकशा सुरू झाल्या. आधी नाव, मग कागद, मग हक्क. त्याला एक अक्षर कळवायचं नाही.

निजामोद्दीन चप्पल घालत म्हणाला, "मी तर कळवलं गुरुजी. पत्त्यासकट. चाळीस अक्षरं ज्यानं दिली त्याला एवढं तरी द्यायला पायजे का न्हाई?"

मी त्याला चहा विचारला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

३१ ऑगस्ट, रविवार

प्रकाशकाला पत्र टाकलं की मजकूर थोडा लांबेल. थोडा किती, ते लिहिलं नाही.

दुपारी वीरण्णा जवळ येऊन बसला. मग म्हणाला, "रद्दीवाल्याकडं चार खेपा घातल्या मी. जूनपासून. त्यानं वह्या नांदेडच्या कागदाच्या कारखान्याला धाडल्या व्हत्या. तिथंबी जाऊन आलो." हे तो मला आज सांगतो. मी म्हटलं, आता सांगून काय उपयोग. तो उठून गेला. खांद्यावर हात ठेवावासा वाटला होता, पण हात तोवर वर्तमानपत्राच्या घडीत अडकला होता.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी प्रस्तावना पंधराव्यांदा लिहायला घेतली. यावेळी उतरली, असं वाटलं. "या चिमण्या कवींच्या मागे आज कोणीही उरलेले नाही. त्यांचे घर नाही, त्यांचे गणगोत नाही. म्हणून त्यांच्या शब्दांचा वारसा या वृद्ध शिक्षकाने उराशी धरला आहे." वाचून बघितलं. लय चांगली होती.

साडेअकराच्या सुमाराला सून आत आली. म्हणाली, बाहेर दोघं आलेत, एक तरुण आणि एक म्हातारी बाई, गुरुजी हायेत का विचारतात. मला वाटलं, पोराला खोली बघायला आलेले पालक. वीरण्णाला सांग, म्हटलं. ती म्हणाली, नाही, तुमचंच नाव घेतात.

दारात पंचविशीचा तरुण. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला काळी बॅग. त्यानं वाकून नमस्कार केला.

"मी आनंदराज सोनकांबळे. हैदराबादला असतो. आमच्या कंपनीत लिनक्सवरच सगळं चालतं, म्हणून मी त्या चावडीवर असतो. अक्षरं मी पाठवली होती." मग म्हणाला, "तुमच्याच हाताखाली चौथी पास झालो, गुरुजी."

मी ओळखलं नाही. ओळखल्यासारखं केलं, पण त्याला ते समजलं.

"भूकंपाच्या वेळी मी नांदेडला वसतिगृहात होतो, दहावीला. माय बिलोलीला गेली होती, आजी आजारी म्हणून. धुरपता बापासंगं घरी राहिली. शाळा बुडू नये म्हणून."

त्याच्या मागे, पायरीच्या खाली, ती बाई उभी होती. पांढरं लुगडं, हातात पिशवी, ऊन तोंडावर घेऊन. सरजाबाई, त्याची आणि धुरपताची माय. मी तिला पूर्वी कधी बघितलं असेल तर ते शाळेच्या फाटकाबाहेर, लांबून. आनंदराज म्हणाला की त्यांची वस्ती पुनर्वसनात औशाच्या वाटेवर बसवली आहे. इथून एसटीनं पाऊण तास.

पाऊण तास.

मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, धुरपता हुशार होती. फार हुशार.

सरजाबाईनं मान हलवली, जसं काही मी बाजारभाव सांगितला. "पोरानं वाचून दाखिवलं मला. सावलीचं. माझ्या लेकीनं माझ्यावर लिवलं, अन् मला धा वर्सांनी हैदराबादेतून कळलं. तुमी हितं व्हता, गुर्जी. एक सांगावा तरी धाडायचा व्हता."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

"तिच्या अजून किती हायेत?"

पाच, मी म्हटलं. मग आठवून म्हटलं, सहा. आणि बाकी मुलांच्याही आहेत. ती म्हणाली, त्यांच्याबी माया हायेत वस्तीत, तिघी-चौघी. त्यांनीबी इचाराया सांगितलंय.

वीरण्णा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, करगोट्याकडे बघितलं, आणि खाली बघितलं. मी डबा आणतो म्हणून आत आलो आहे. कपाट उघडलं आहे, डबा समोर आहे, आणि शेजारी ही वही, पंधरावी प्रस्तावना वर. प्रस्तावनेतली दोन वाक्यं खोडली. तिसरं खोडतोय.

सून सरजाबाईला आत बोलावते आहे. मघाशी मीही म्हटलं होतं, उन्हात कशाला, आत या, बसा. पायरीवर पाय न ठेवता ती म्हणाली होती, तेच आता सुनेला म्हणते आहे. मला इथपर्यंत ऐकू येतंय.

"बसते की. आधी ते आणा."